थांबल्यावर

पुंता अरेनासचा वारा दार ठोठावत नाही,
दारच घेऊन जातो.
म्हणून निबाल्दोनं आधी शेडचं पत्र्याचं दार ओढून
साखळी घातली, रेडिओ बंद केला,
आणि म्हणाला, आता चालू करा, बाई.

द्रिना मारुसिच यांची पेजो, सत्त्याहत्तर सालची.
रंग मुळात मोरपंखी असावा.
किल्ली फिरली, इंजिन लागलं,
पण उचकी लागल्यासारखं:
तीन ठोके आणि एक खड्डा,
तीन ठोके आणि एक खड्डा.
आरशाला टांगलेला पितळी संत थरथरत होता.
मडगार्डावर ठेवलेले पाने
मुकाट्यानं कडेकडे निघाले होते.

"धावताना काही नाही हो," बाई म्हणाल्या,
"सिग्नलला थांबली की असं करते."

मी दिवा धरला होता.
पहिल्या वर्षी माझं काम तेवढंच.

आधीच्या गॅरेजनं प्लग बदलले होते,
मग पॉइंट, मग कॉइल,
चोर सोडून एकेका संन्याशाला सुळी,
आणि प्रत्येक सुळीचं वेगळं बिल.
निबाल्दो काही बदलत नाही.
हाताला फडकं गुंडाळून तो प्लगच्या वायरी उपसतो, एकेक.
पहिली काढली, गाडी कळवळली.
दुसरी काढली, जवळजवळ बंदच पडली.
तिसरी काढली
आणि काहीच झालं नाही.

"जिच्या नसण्यानं कुणाचं अडत नाही
तिथंच दुखणं," तो म्हणाला,
आणि मला उगाचच आमच्या थोरल्या काकांच्या घरचं
जेवणाचं टेबल आठवलं.

तिसऱ्याची ठिणगी मात्र निळी होती, टणक.
दाबही बाकीच्यांइतकाच.
मग?
निबाल्दोनं हातभर रबरी नळी घेतली,
एक टोक उजव्या कानात
(डावा कान जहाजावरच्या नोकरीत गेला),
दुसरं टोक मॅनिफोल्डवरून फिरवत राहिला,
डोळे मिटून, बाळाची छाती तपासावी तसं.
मी श्वास रोखला. बाई मात्र
खिडकीच्या काचेवरचा नसलेला डाग पुसत होत्या.

"दिवा इकडे."

मॅनिफोल्डच्या बुडाशी, एका फुटक्या नळकांड्यात
सुताराची लाल पेन्सिल ठोकलेली.
चाकूनं तासलेली, वर दोरा गुंडाळलेला,
वाळून आक्रसलेली.
त्या फटीतून इंजिन चोरून हवा पीत होतं.
निबाल्दोनं पेन्सिल उपटली आणि भोकावर अंगठा दाबला.

उचकी थांबली.

इतकी, की बाहेरचा वारा पुन्हा ऐकू आला.
पाने जागच्या जागी थबकले.

"हे कुणी केलं?" त्यानं विचारलं. रागानं नाही;
काम वाईट नव्हतं, फक्त जुनं झालं होतं.

बाई इतका वेळ ताकाला येऊन भांडं लपवत होत्या.
आता भांडं पुढे आलं.
"स्टिपेनं. एक्क्याऐंशीचा आहे.
त्याचे हात आता चहाचा कप धरत नाहीत,
म्हणून डॉक्टरनं गाडी बंद केली.
पण रविवारी बॉनेट उघडतो,
पेन्सिलीवर टिचकी मारतो,
आणि म्हणतो, बघ, अजून टिकलीय."

जरा थांबून, खालच्या आवाजात:
"गॅरेजला आणली हे त्याला माहीत नाही."

निबाल्दोनं अंगठा काढला. गाडी पुन्हा अडखळली.
खणातून त्यानं एक काळी रबरी टोपी शोधली,
भोकावर चढवली, पट्टी आवळली.
मग पेन्सिल माझ्या हातात दिली.

टोपीच्या डोक्यावर डिंकाचा थेंब सोडून
मी ती उभी केली, पूर्वी होती तशीच किंचित वाकडी,
दोऱ्याचे तिन्ही वेढे वर.
पट्टीवर बोटानं थोडं काळं वंगण फासलं.
ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

बिल लिहितानाही निबाल्दो दाराकडे बघत होता,
साखळी धडधडत होती.
रबरी टोपी, एक.
पेन्सिल, गिऱ्हाइकाचीच.
मग त्यानं ते पान फाडलं
आणि नुसतं लिहिलं: हवा तपासली.